प्रायोजकाची पाटी

"पैसे कुणाचे याच्याशी आपल्याला काय करायचंय? दाखवलेलं विज्ञान खरं आहे ना?" लंडनच्या सायन्स म्युझियमचा विषय निघाला तेव्हा एका जाणत्या मित्राने हे ऐकवलं आणि माझं डोकं उठलं.

हवामान का बदलतंय हे वाचकांना पाठ आहे, ते सोडतो. मला छळतो तो दाखवणं आणि पटवणं यांतला फरक. या म्युझियमने 2009 साली 'प्रूव्ह इट' नावाच्या प्रदर्शनात पुरावे मांडून लोकांचा कौलच मागितला. प्रत्यक्ष आलेल्यांचा कल होकाराकडे होता, इंटरनेटवर मात्र नकाराची सरशी झाली. मुळात कौल मागायचाच कशाला? कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे जॉन टिंडलने 1859 साली त्याच शहरात प्रयोगाने दाखवलं, ते काही हात वर करून ठरलं नव्हतं. डिसेंबर 2010 मध्ये उघडलेलं 'ॲटमॉस्फिअर' दालन त्यापेक्षा शहाणं. तिथे अंटार्क्टिकाच्या खोल बर्फातून काढलेला तुकडा होता, जुनी हवा बुडबुड्यांत कोंडलेला. दाखवणं म्हणतात ते हे. प्रायोजकांत मात्र शेल ही तेल कंपनी!

शेलच्या पैशाने त्या बुडबुड्यांतली हवा बदलत नाही, एवढं मित्राचं खरं. पण जे बोललंच जात नाही त्याचं काय? 2021 च्या 'अवर फ्यूचर प्लॅनेट'साठी शेलशी झालेल्या करारात, कंपनीच्या नावाला बट्टा लागेल असं म्युझियमने काही बोलू नये, अशी अट होती. प्रदर्शन हवेतला कार्बन काढून घेण्याचं, आणि तेल विकणाऱ्याविषयी तोंडाला कुलूप! माजी संचालक ख्रिस रॅपली यांनी त्याच वर्षी सल्लागार मंडळ सोडलं. अदानी ग्रीन एनर्जीशी झालेल्या करारावरून दोन विश्वस्तही बाहेर पडले. तरी मार्च 2024 मध्ये त्या नावाचं दालन उघडलंच. याच उद्योगसमूहाची ऑस्ट्रेलियात कारमायकल कोळसा खाण आहे.

नाव उतरवा, पैसे परत करा, असं लिहायला बसलो होतो. पण नाव पुसलं की पुरावाही जातो. कोळशा-तेलाचा पैसा विज्ञानाच्या दालनापर्यंत कसा पोचतो, हासुद्धा हवामानबदलाच्याच कहाणीचा भाग आहे. तेव्हा पाटी राहू द्या, फक्त तिच्या शेजारी करारनामा लावा, रकमेसकट आणि अटींसकट. पटवायचं काम प्रायोजक करतोच आहे, म्युझियमने दाखवावं. आणि करारनामा भिंतीवर लावू द्यायला जो तयार नसेल, त्याचा पैसा घेऊ नये.