सामायिकाची धास्ती

लिनक्स आणि तिच्यासारख्या मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिमविषयी जे प्रतिकूल लिहिले जाते, त्याचे दोन प्रकार पडतात. एका प्रकारात दोष दाखवलेला असतो: अमुक आवृत्तीवर अमुक प्रिंटर चालत नाही, अमुक फाइल उघडली की जोडाक्षरे फुटतात. दुसऱ्या प्रकारात दोषाचे नाव नसते. नुसते प्रश्न असतात. हिचा मालक कोण? उद्या बंद पडली तर दाद कोणाकडे मागायची? आतले सगळे सर्वांना दिसते, मग ते चोराला दिसणार नाही का? पहिला प्रकार टीकेचा, दुसरा धास्तीचा. टीका पडताळून पाहता येते, म्हणून ती चूकही ठरू शकते. धास्ती ठाम विधान करीतच नसल्याने तिला खोटे पाडता येत नाही, आणि हेच तिचे बळ असते.

संगणकाच्या बाजारात हे हत्यार लिनक्सपेक्षा जुने आहे. आयबीएममधून बाहेर पडून 1970 मध्ये स्वतःची कंपनी काढणारे जीन ॲमडाल यांची तक्रार अशी होती, की आपले यंत्र घेऊ पाहणाऱ्या ग्राहकांच्या मनात आयबीएमचे विक्रेते भीती, अनिश्चितता आणि शंका पेरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये सुरू केलेल्या लिनक्सने दहा वर्षांत सर्व्हरच्या बाजारात पाय रोवले, तेव्हा तीच रीत तिच्याविरुद्ध वापरली गेली. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी 2001 मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. 2003 मध्ये एससीओ या कंपनीने लिनक्समध्ये आपली मालमत्ता शिरल्याचा दावा करून आयबीएमला न्यायालयात खेचले आणि लिनक्स वापरणाऱ्या शेकडो कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे धाडली. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने लिनक्स व इतर मुक्त सॉफ्टवेअर मिळून आपल्या 235 पेटंटांचा भंग होत असल्याचे सांगितले. आकडा नेमका होता. पेटंटांची यादी मात्र जाहीर झाली नाही. यादी दिली असती तर लिनक्सच्या प्रोग्रॅमरांनी तेवढा भाग बदलून टाकला असता किंवा दावा खोडून काढला असता. आकडा सांगायचा आणि यादी झाकायची, यात धास्तीच्या लेखनाचे सगळे तंत्र येते.

पुढे घडले ते उलट. एससीओ ज्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जोरावर भांडत होती, तिचे स्वामित्वहक्क नोव्हेल कंपनीकडेच असल्याचा कौल 2010 मध्ये ज्यूरीने दिला. मायक्रोसॉफ्ट 2016 मध्ये लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली. नोव्हेंबर 2017 पासून जगातील सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशीही तीच आहे, त्यामुळे ती 'आपल्याला झेपणार नाही' असे मानणारा माणूस बहुधा ती खिशात घेऊनच हिंडत असतो. तरीही धास्तीचे लेखन थांबले नाही. ते एखाद्या कंपनीच्या हितातून जन्मत असले, तरी टिकते ते त्याहून खोल समजुतीवर. सामायिकाविषयीची ती समजूत अशी: जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, आणि जे कोणाचेच नाही, ते नासणारच.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत या समजुतीची परीक्षा संगणकावर झाली नाही, जंगलावर झाली. वनहक्क कायदा 2006 मध्ये संमत होण्याआधीपासून, गावांच्या हाती जंगल गेले तर ते उरणार नाही, अशी भीती मांडली जात होती. तिला शास्त्रीय आधार म्हणून गॅरेट हार्डिन यांचा 1968 चा निबंध पुढे केला जाई. सामायिक कुरणावर प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवतो आणि शेवटी कुरण उजाड होते, हा त्याचा सारांश. पण हार्डिन यांच्या कुरणाला नियम नव्हते, राखण नव्हती आणि गुराखी एकमेकांशी बोलतही नव्हते. आपण व्यवस्था नसलेल्या सामायिकाविषयी बोलत होतो, असा खुलासा पुढे 1990 च्या दशकात खुद्द हार्डिन यांनी केला.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव हार्डिन यांच्या कुरणासारखे नव्हते. तिथे अभ्यासगट होते, सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा होती आणि जंगलाची राखण गाव स्वतः करीत होते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देण्यास वनखाते राजी नव्हते. 1927 च्या वन अधिनियमात बांबू झाडांच्या व्याख्येत बसवला होता. 2006 च्या कायद्याने त्याला गौण वनोपजात घातले होते. हा तिढा 27 एप्रिल 2011 रोजी सुटला. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. पुढल्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला सुमारे 1,000 हेक्टरवर हक्क मिळाला. तेंदूपानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लावल्या जातात, म्हणून या गावाने हातचे उत्पन्न सोडून तेंदूतोड बंद केली. धास्तीच्या भाकितात असा निर्णय बसत नाही.

जंगल आणि सॉफ्टवेअर यांतला एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. बांबू तोडला की कमी होतो; प्रोग्रॅमची प्रत काढली म्हणून मूळ प्रोग्रॅम घटत नाही. सॉफ्टवेअरच्या सामायिकात उणीव पडते ती राखणदारांची. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात दीर्घकाळ टिकलेल्या सामायिक व्यवस्थांची लक्षणे सांगितली: हद्द स्पष्ट, नियम स्थानिकांनी केलेले, देखरेख आपसात, आणि नियम मोडणाऱ्याला चढत्या क्रमाने शिक्षा. मेंढ्याला वनहक्क मिळाला त्याच 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी 2007 मध्ये शार्लट हेस यांच्यासह संपादित केलेल्या पुस्तकात त्यांनी ज्ञानाचाही सामायिक म्हणून विचार केला होता. मुक्त स्रोत प्रणालींना ही लक्षणे लागू पडतात. लिनक्सच्या गाभ्यात कोणीही येऊन काहीही लिहून जात नाही. प्रत्येक भागाला जबाबदार देखभालकर्ता असतो आणि प्रत्येक बदलावर करणाऱ्याचे नाव राहते. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीचा 1997 पासून लेखी सामाजिक करार आहे आणि तिचा नेता सदस्यांच्या मतांनी निवडला जातो. तेव्हा 'मालक कोण' या प्रश्नाला उत्तर आहे. फक्त ते एका कंपनीच्या नावात मावत नाही.

जबाबदारीचा प्रश्नही असाच तपासावा. मुक्त परवान्यात कोणतीही हमी नसल्याचे स्वच्छ लिहिलेले असते, आणि धास्तीचे लेखन त्या वाक्यावर बोट ठेवते. मालकीच्या सॉफ्टवेअरचे करारही नुकसानभरपाई बहुधा मोजलेल्या किमतीपुरतीच ठेवतात, हे तिथे लिहिलेले नसते. 'उद्या बंद पडली तर' ही चिंताही एकतर्फी आहे. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि अनेक जुने संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. एखाद्या शाळेच्या संगणकखोलीत अशीच यंत्रे असतील, तर 'बंद पडणे' ही तिच्यापुरती तारीख ठरलेली घटना आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी प्रामाणिक राहावे लागते. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने विंडोज संगणकांवर घाला घातला, तेव्हा न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम अडले. पण उघडा प्रोग्रॅम आपोआप सुरक्षित होतो असेही नाही. ओपनएसएसएल या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड ही त्रुटी 2014 मध्ये सापडण्याआधी सुमारे दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. एक्सझेड या छोट्या, पण लिनक्स प्रणालींत सर्वत्र असलेल्या प्रोग्रॅममध्ये एकाने दोनेक वर्षे विश्वास कमावून चोरवाट पेरली. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉग-इनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले आणि मुळापर्यंत जाताना ती सापडली. या घटनेतून दोन्ही धडे निघतात: थकलेल्या एकट्या देखभालकर्त्यावर भार टाकणे घातक असते, आणि आतले पाहण्याची मुभा होती म्हणूनच चोरवाट उघड झाली. फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टचे कर्मचारी, हीही त्यातली नोंद घेण्याजोगी गोष्ट.

जंगलजिल्ह्यांतील खऱ्या अडचणी धास्तीच्या लेखनात क्वचितच येतात. कृतिदेव किंवा श्रीलिपी या युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले जुने दस्तऐवज युनिकोडमध्ये आणल्याशिवाय लिनक्सवर धड वाचता येत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि बोटांचे ठसे घेणारी यंत्रे यांचे ड्रायव्हर पुष्कळदा विंडोजपुरतेच मिळतात, त्यामुळे सेवा केंद्र चालवणाऱ्याची नड खरी असते. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून शिकलेल्या पिढीच्या हाताला विंडोजचीच सवय आहे आणि तालुक्याच्या ठिकाणचा दुरुस्ती करणाराही तेच जाणतो. दुसऱ्या पारड्यात टाकायच्या गोष्टीही तितक्याच ठोस आहेत. इंटरनेट जिथे तुटक, तिथे एका पेनड्राइव्हवरून हवी तितकी यंत्रे परवान्याचा भंग न करता उभी करता येतात. जुन्या यंत्रांना हलक्या आवृत्त्या झेपतात. केरळच्या सरकारी शाळांनी 2000 च्या दशकातच ही वाट धरली आणि सोडली नाही.

भाषेचा मुद्दा या भागात विशेष महत्त्वाचा आहे. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत. मसराम गोंडी लिपी 2017 मध्ये आणि गुंजाला गोंडी लिपी 2018 मध्ये युनिकोडमध्ये आली. दोन्हींसाठी मुक्त परवान्याचे नोटो फॉन्ट आहेत. संगणकाचे पडदे गोंडीत आणण्याचे काम मोठे आहे. फायद्याचा हिशेब पाहणारी कंपनी ते हाती घेईलच असे नाही. मुक्त प्रणालीत ते काम भाषकांना कोणाच्या परवानगीवाचून सुरू करता येते. ही शक्यता आहे, सिद्धी नव्हे, आणि तसेच लिहिले पाहिजे.

धास्ती एकाच गोटात नांदते असेही नाही. विंडोज घेतली की हेरगिरी आणि व्हायरस ठरलेलेच, असे लिहिणारे लिनक्सप्रेमी हेच हत्यार उलटे धरतात. घरातल्या घरातही ते चालते. डेबियनने 2014 मध्ये सिस्टिमडी ही संगणक सुरू होताना सेवा चालू करणारी यंत्रणा स्वीकारली तेव्हा तांत्रिक आक्षेपांबरोबर 'लिनक्स संपली' असे भाकीतही झाले. ज्यांना ते पटले नाही त्यांनी देवुआन नावाची वेगळी शाखा काढली, ती आजही चालते आणि डेबियनही चालते. मतभेदाने फूट पडूनही दोन्ही जगतात, हा सामायिकाचा गुण भाकीत करणाऱ्यांनी हिशेबात घेतला नव्हता.

धास्तीची खरी किंमत इथे दिसते. विकाऊ वस्तूविषयी भीती पसरली तर विक्री घटते आणि कंपनी जाहिरातीने ती भरून काढते. सामायिकाविषयी भीती पसरली तर माणसे घटतात: चाचणी घेणारी, त्रुटी कळवणारी, भाषांतर करणारी, राखण करणारी. जंगल तुम्हाला सांभाळता येणार नाही, असे ऐकत आलेले गाव राखणीला उठत नाही, आणि मग जंगल तुटले की भाकीत खरे ठरल्याचा पुरावा मिळतो. मुक्त प्रणालीला लांबून नाके मुरडणारे लेखनही असेच आपले भाकीत खरे करीत असते. टीका मात्र या व्यवस्थेचे खाद्य आहे, कारण नेमका सांगितलेला दोष म्हणजे अर्धी दुरुस्ती.

म्हणून अशा लेखनाची पारख चार प्रश्नांनी करावी. कोणती आवृत्ती, कोणते यंत्र आणि कोणते काम, हे सांगितले आहे का? तीच कसोटी पर्यायी प्रणालीला लावली आहे का? दोष कोणाला कळवला आणि पुढे काय झाले, याची नोंद आहे का? आणि काय दिसले तर लेखक आपले मत बदलेल, हे स्पष्ट आहे का? ज्या लेखात या चारांपैकी एकाचेही उत्तर नाही, त्याला टीका म्हणता येत नाही आणि त्याच्या भरवशावर कोणत्याही शाळेने, ग्रामपंचायतीने वा सेवा केंद्राने आपला निर्णय घेऊ नये.