कागदावरची दुसरी ओळ

बंगळूरच्या निवड मंडळाने पाच दिवस पारखून मुलाची एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, शिफारस केली, तेव्हा हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या एका मराठी घरात पेढे आले. मग वैद्यकीय तपासणी झाली आणि मुलगा एक कागद घेऊन परतला. कानात मळ. वजन जास्त. खाली शेरा : तात्पुरता अपात्र.

आई म्हणाली, पोराला दृष्ट लागली. चुलते सिकंदराबादच्या कुणा ओळखीच्या साहेबांचा नंबर शोधू लागले. खालच्या मजल्यावरच्या सुभेदारकाकांनी मात्र कागद मागून घेतला. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज मराठी ग्रंथसंग्रहालयात वर्तमानपत्रं वाचायला जात. हा कागदही त्यांनी तसाच, पहिल्या अक्षरापासून वाचला.

"अपिलाला 42 दिवस दिलेत," ते म्हणाले. "लष्कर उगाच कुणाला दिवस देत नाही. यात ओळख कशाला हवी? मळ काढायचा, वजन उतरवायचं."

मळाचं काम एका सकाळीत झालं. कोठीचं सरकारी कान-नाक-घसा रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर. मळ साचला की कानाचा पडदा दिसत नाही, आणि पडदा पाहिल्याशिवाय लष्करी डॉक्टर सही कशी करणार, एवढंच तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

दुसरी ओळ अवघड होती. बंगळूरला त्याच तुकडीत असलेल्या बडी चौडीच्या मित्रालाही वजनाचाच शेरा मिळाला होता. त्याने सोपा उपाय काढला : शेवटचा आठवडा उपाशी राहायचं, आदल्या दिवशी पाणीही सोडायचं. मुलालाही ते पटायला लागलं होतं.

सुभेदारकाकांनी विचारलं, "प्रबोधिनी आधीच सांगून ठेवते ना? 2.4 किलोमीटर 15 मिनिटांत, 20 जोर, 8 चिन-अप्स, वर दोरावर चढणं. उपाशीपोटी दोर चढशील?"

पहाटे पाचला दोघं चादरघाटच्या व्हिक्टोरिया मैदानावर जाऊ लागले. पहिल्या दिवशी दुसऱ्याच फेरीत मुलगा कमरेवर हात ठेवून थांबला. काकांनी त्याला रागावलं नाही, उरलेल्या फेऱ्या चालायला लावल्या. क्लासनंतरची कचोरी बंद झाली, चहातली उस्मानिया बिस्किटं बंद झाली, ताटात ज्वारीची भाकरी आली. सगळ्यांत जड गेलं ते आईला. वाढताना तुपाची वाटी हातात घेऊन ती पुन्हा खाली ठेवायची. दर रविवारी औषधांच्या दुकानातल्या काट्यावर वजन व्हायचं. एका आठवड्यात काटा जागचा हललाच नाही, तेव्हा मुलगा रात्री जेवला नाही. काका जिना चढून वर आले, त्याला पाटावर बसवलं आणि तो जेवून उठेपर्यंत समोर बसून राहिले.

अपिलात दोघंही पात्र ठरले. मित्राचं पाणी सोडणंही कामी आलं, हे खरं ते सांगायलाच हवं. पण लेखी परीक्षेचे 900 आणि मुलाखतीचे 900 धरून जी गुणवत्ता यादी लागते, तिच्यात दोघांचीही नावं नव्हती.

"एवढं करून काय मिळालं?" आईने डोळे पुसत विचारलं. काका मुलाकडे वळून म्हणाले, "उद्या पाचला."

यूपीएससी एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा घेते. दोघं पुन्हा बसले, पुन्हा बंगळूरला गेले, दोघांचीही पुन्हा शिफारस झाली. पुन्हा तोच काटा समोर आला. या वेळी मुलाच्या कागदावर एकही शेरा नव्हता. मित्राने पाण्यावर उतरवलेलं वजन कधीच भरून आलं होतं, आणि त्याच्या कागदावर तीच ओळ होती.

हैदराबादला उतरल्यावर मित्र सरळ सुभेदारकाकांच्या दारात आला. काकांनी कागद पूर्ण वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर अपिलाच्या शेवटच्या तारखेला खूण केली आणि त्याला आधी पोटभर जेवायला घातलं. व्हिक्टोरिया मैदानावर आता तिघं जण धावतात.