न बोलावलेल्यांचा महोत्सव



ऑगस्टमध्ये एडिंबराला नाटकं बघायला गेलं की पहिली पंचाईत होते ती निवडीची. तिथल्या फ्रिंज महोत्सवात तीन हजारांहून जास्त कार्यक्रम असतात आणि ते कुणीही निवडलेले नसतात. परीक्षक नाहीत, प्राथमिक फेरी नाही. ज्याला जागा मिळाली, त्यानं नाटक करावं. एकांकिका स्पर्धांच्या फेऱ्या बघत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला हे जरा भलतंच वाटलं. कारण मग निवडण्याचं काम आपल्यावरच येऊन पडतं.

याची सुरुवातच आगंतुकांनी केली. महायुद्ध संपल्यावर १९४७ साली एडिंबरात मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. आमंत्रण नसलेल्या आठ नाटकमंडळ्या तिथे आपणहून पोचल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करून मोकळ्या झाल्या. आज या आगंतुकांचा पसारा मूळ महोत्सवापेक्षा कितीतरी मोठा आहे.

जागा मात्र अजूनही मिळेल ती. चर्चचं सभागृह, पबचं तळघर, पुलाखालच्या ओलसर कमानी. समरहॉल नावाच्या इमारतीत पूर्वी पशुवैद्यक महाविद्यालय होतं. तिथल्या शरीररचनेच्या जुन्या व्याख्यानगृहात मी एक एकपात्री प्रयोग पाहिला. बाकांची चढण इतकी उभी, की ती अभिनेत्री आपल्या पायांशी, खोल तळाशी उभी आहे असं वाटावं. ती आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलत होती. नेपथ्य म्हणजे एक खुर्ची. पण जिथे विद्यार्थ्यांना जनावरांचं शरीर समजावून दिलं जायचं, तिथे ती एका माणसाचं शरीर थकत जाताना सांगत होती. निम्मं दिग्दर्शन त्या खोलीनंच केलं होतं.

त्याच संध्याकाळी एका पबच्या तळघरात तिघा तरुणांचं विनोदी नाटक बघितलं. ते वाईट होतं, उगाच सावरून कशाला घ्यायचं? विनोद रेटलेले, प्रकाशयोजना म्हणजे दिवा लावणं आणि घालवणं. प्रेक्षक इतके थोडे, की जांभई द्यायचीही चोरी. पण त्यांतली मुलगी मध्येच वाक्य विसरली आणि न घाबरता समोरच्याकडे नुसती बघत राहिली. त्या दोन क्षणांत नाटक जिवंत झालं. तिचं पुढचं काम बघायला मी तिकीट काढेन. तासाभरात प्रयोग आटोपला. आम्ही बाहेर पडतोय तोवर पुढची मंडळी सामान घेऊन बोळात हजर! एकाच खोलीत दिवसभर एकामागून एक नाटकं होतात. मांडायला आणि आवरायला मिनिटं मोजून मिळतात, त्यामुळे नेपथ्य दोन बॅगांत मावेल एवढंच असतं.

टॉम स्टॉपर्डचं ‘रोझेनक्रँट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ १९६६ साली पहिल्यांदा इथेच झालं, विद्यार्थी नटांनी केलं. फीबी वॉलर-ब्रिजनं ‘फ्लीबॅग’ २०१३ मध्ये इथेच एकटीनं उभं केलं. ही नावं सगळेच सांगतात. पण कितीतरी मंडळ्या पदरचे पैसे घालून घरी परततात, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खोलीचं भाडं, त्यात ऑगस्टमध्ये भडकलेले राहण्याचे दर. परीक्षक अडवत नाही, पण खिसा अडवतो. या महोत्सवाचा हा मोठाच दोष आहे.

अशा वेळी मराठी माणसाला दादरची छबिलदास शाळा आठवणारच. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’नं १९७४ पासून त्या शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकाला घर दिलं. तिथे रंगमंदिराचा थाट नव्हता, पण हाताशी पैसा नसलेल्या मंडळींना उभं राहायला जागा होती. शिवाय खाली गल्लीत वडा होता, ही सोय एडिंबरात नाही.

अशा छोट्या जागा आजही आहेत. पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, मुंबईत आरामनगरच्या बंगल्यांमध्ये प्रयोग होतात, तुमच्या गावातही एखादं सभागृह असेल. या रविवारी जरा धाडस करा. ज्याचं नाव ऐकलेलं नाही, ज्यात मालिकेतला एकही चेहरा नाही, अशा नाटकाला जा. आणि कृपा करून पास मागू नका, तिकीट काढा.