अवर्षणातील श्रद्धा

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या नगर जिल्ह्यात, जिथे मृगाचे ढग अकोले तालुक्यातील डोंगरांवर रिते होतात आणि पाथर्डी-शेवगावच्या माळांवर पोचेपर्यंत त्यांच्यात वाऱ्याखेरीज फारसे काही उरत नाही, तिथे ‘देवावर भरवसा ठेवा’ असा उपदेश करणे जितके सोपे तितकेच त्याप्रमाणे वागणे दुष्कर आहे. येथील ख्रिस्ती समाज हा उपदेश जवळजवळ दोन शतके ऐकत आला. परंतु ऐकणाऱ्याने त्यातून जो अर्थ घेतला तो पिढीगणिक पालटत गेला, आणि आजचा अर्थ पहिल्या अर्थापासून इतका दूर आला आहे की, दोन्ही एकाच शब्दाखाली नांदतात याचे नवल वाटावे.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत 1813 साली सुरू झाले, आणि डिसेंबर 1831 मध्ये त्यांचे पहिले धर्मोपदेशक नगरास राहावयास आले. त्यांपैकी विल्यम हर्वे हे पुढच्याच वर्षी, 1832 च्या उन्हाळ्यात, पटकीने वारले. आणि त्यांचे सहकारी हॉलिस रीड यांच्यासोबत आलेले नवख्रिस्ती ब्राह्मण बाबाजी 1833 मध्ये त्याच रोगास बळी पडले. न्यू इंग्लंडच्या कर्मठ परंपरेत वाढलेल्या या मंडळीपाशी अशा प्रसंगी एक सिद्ध उत्तर असे : ईश्वराच्या योजनेत कोणतीही गोष्ट अकारण नाही, दुःख ही पित्याने लेकराला लावलेली शिस्त आहे, म्हणून विश्वास म्हणजे मुकाट्याने मान तुकवणे. जे स्वतःची माणसे या मातीत पुरून पुन्हा कामाला लागत त्यांच्या तोंडी हे उत्तर भारदस्त वाटे, हे मान्य केले पाहिजे. पण तेच उत्तर दुसऱ्याच्या दुःखावर ठेवले की ते दगडासारखे जड होई.

कारण ज्या वस्त्यांत पुढे हा धर्म खरोखर रुजला, त्या महार-मांगांच्या वस्त्यांना दुःखाचे कारण सांगणारा कोणी नवा नको होता. गावकुसाबाहेर जन्म का, तर पूर्वजन्मीचे पाप, हे कारण त्यांना गावाने पिढ्यानपिढ्या ऐकवलेलेच होते. शुभवर्तमानात जन्मांध माणसाची जी कथा आहे, जिच्यात शिष्य विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे, आणि येशू दोन्ही पर्याय साफ नाकारून त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो, ती कथा अशा वस्तीत वाचली जाणे ही माझ्या मते नगरच्या धर्मेतिहासातील एक मोठी घटना होय. उपदेशक ‘शिस्त’ सांगत राहिले, श्रोत्यांनी मात्र त्यातून ‘हे माझे पाप नव्हे’ एवढेच उचलले.

मग दुष्काळ आले. 1876 ते 78 चा, आणि शतक संपता संपता 1896-97 व 1899-1900 चे लागोपाठ दोन. दुष्काळी कामावरचे ते दृश्य अजून जुन्या घराण्यांच्या बोलण्यात जिवंत आहे : रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, हजेरी मांडणारा कारकून, मापाला खडी कमी भरली म्हणून कापली जाणारी मजुरी, आणि पदराआड मूल घेऊन हातोडी चालवणारी बाई. या काळात मिशनने धान्य वाटले, अनाथ पोरे सांभाळली. नगरचे रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळनिवारणाच्या कार्याबद्दल 1900 साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. त्याच काळात बाप्तिस्मे घेणाऱ्यांची संख्या वाढली आणि ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा समाजाच्या कपाळी बसला. हा आक्षेप मला कधीच फारसा गंभीर वाटला नाही. जो देव भाकरीचा प्रश्न गौण मानतो त्याच्यावर भरलेल्या पोटीच विश्वास ठेवता येतो. आणि रोजची भाकर मागायला शिकवणारी प्रार्थना ज्यांच्या हाती दिली त्यांनी ती भाकरीसकट खरी मानली, यात दोष कोणाचा? मात्र एक गोष्ट खरी : धान्य आले त्या घरी देव आला असे म्हटले, तर धान्य पोचण्यापूर्वी ज्या घरातले मूल गेले तिथे काय म्हणावे, या प्रश्नापाशी जुने उत्तर थबकले.

त्या थबकलेल्या जागी नारायण वामन टिळक उभे राहिले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नगरास आलेला हा कवी तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगत असे, आणि ती केवळ अलंकारिक भाषा नव्हती. 1629-30 च्या दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी जे भांडण मांडले, ते भांडण म्हणजेच भक्ती, हे या मातीला ठाऊक होते; ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासेही याच जिल्ह्यातले. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणले तेव्हा परदेशी धर्मशास्त्रातील न्यायाधीश मागे सरला आणि रागावता येईल, रुसता येईल अशी माउली पुढे आली. दुःख का आले, या प्रश्नाची जागा दुःखात कोण सोबत आहे, या प्रश्नाने घेतली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यामागे इतरही कारणे होती, पण देव आणि माणूस यांमध्ये कोणाची मध्यस्थी नको, हा आग्रह त्यांत होताच.

तथापि कवीचा विश्वास आणि कवीच्या घरातील चुलीचा विश्वास या दोन भिन्न वस्तू असतात, आणि दुसरीचा दस्तऐवज टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवला. नवऱ्याने न सांगता धर्म बदलला, संसार मोडला, वर्षानुवर्षे ताटातूट झाली, आणि अखेरीस 1900 साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या कोणाच्या आज्ञेने नव्हे, तर आपल्या विचाराने. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त हातचा पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा नवरा आणि रिकामा डबा उघडून पाहणारी बायको वारंवार भेटतात. तिथे ईश्वरी योजनेचे प्रवचन नाही. तिथे हसू आहे, चीड आहे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागणे आहे. दुःखातील विश्वासावर मराठीत लिहिलेल्या कित्येक उपदेशपर पुस्तकांपेक्षा हे हसू मला अधिक विश्वसनीय वाटते.

शेजारच्या पुणे जिल्ह्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून कठोर. आईबाप दुष्काळात उपाशी गेले, भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांतच पती गेले, आणि 1921 मध्ये एकुलती एक मनोरमाही. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1922 मध्ये, त्या स्वतः वारल्या. एवढे सोसूनही त्यांनी देवाला केलेले समर्पण थोर खरे, पण ते सर्वांना मापदंड म्हणून लावणे अन्यायाचे होईल.

खुद्द पवित्र शास्त्राचा कौल कुणीकडे आहे? ईयोबाचे मित्र देवाची वकिली करतात, आणि ईयोब देवावरच फिर्याद गुदरतो. ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो तो वकिली करणाऱ्यांवर. ज्या कचेरीत दाद लागणार नाही अशी खात्री झाली, तिच्या पायरीवर कोणी अर्ज घेऊन उभा राहत नाही. तक्रार घेऊन वारंवार जाणारा माणूस त्या दारावर अजून भरवसा ठेवून असतो. आज हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेत सप्टेंबरात मेणबत्ती घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायांकडे पाहिले की नवसाला हसणाऱ्या आपल्या सुशिक्षित ख्रिस्ती मंडळींचे मला हसू येते. नवस हीदेखील एक दरखास्तच आहे.

गेल्या अर्धशतकात या विचाराला आणखी एक वळण मिळाले. हर्मन बाखर या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी याच जिल्ह्यात पाणलोटाचे काम उभे केले, आणि पावसाची प्रार्थना करणाऱ्या हातांत चर खोदण्याची कुदळ दिली. त्यात गावातील सर्व जातिधर्मांचे लोक श्रमले. पाऊस न पडणे हे देवाचे, पडलेला पाऊस वाहून जाणे हे आपले, अशी ही वाटणी आहे; आणि जे दुःख माणसाने निर्माण केले त्याचा जाब देवाला विचारून माणसाला मोकळे सोडण्याची जुनी खोड तिने बरीच मोडली.

आमच्या पाळकबंधूंना म्हणून एक विनंती. मयताच्या घरी, अंगणात सतरंजी अंथरून पेटी-टाळांवर टिळकांची भजने चालली असताना, ‘देवाची इच्छा’ हे शब्द पहिल्या दिवशी तरी उच्चारू नका. तेविसावे स्तोत्र वाचाल ते वाचाच. पण त्यासोबत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही कधी वाचा, ज्याचा शेवट अंधारात होतो आणि ज्यात देवाला हाक मारण्यापलीकडे सांत्वनाचा एकही शब्द नाही. ते शास्त्रातून कोणी वगळलेले नाही.