भिकारी : एक तृतीयपुरुषी नाम

अंगावर धड वस्त्र नसलेल्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसासाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. ‘रॅगामफिन’ त्याच्या चिंध्यांकडे पाहतो, ‘ट्रॅम्प’ त्याच्या पायांकडे, ‘व्हॅग्रंट’ त्याच्या भटकण्याकडे आणि ‘होमलेस’ त्याच्याजवळ नसलेल्या घराकडे. मराठीची तऱ्हा फारशी निराळी नाही. फाटका, गबाळा, भणंग, फिरस्ता, भिकारी, बेघर ही यादी सहज वाढविता येईल. ‘अजागळ’ हा शब्द तर मुळात शेळीच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या निरुपयोगी सडाचा. तो आपण माणसाला लावला. यांतील प्रत्येक नाम माणसाचे एक अंग उचलते आणि तेवढ्यालाच संपूर्ण माणूस ठरविते. प्रश्न असा की, ही नामे कठोर आहेत म्हणून अन्याय्य आहेत, की त्यांतील अन्याय अन्यत्र आहे?

कठोरतेतच अन्याय असेल तर सौम्य पर्याय पुरेसा व्हावा. ‘भिकारी’ऐवजी ‘भिक्षेकरी’ म्हणावे, ‘दरिद्री’ऐवजी ‘निराधार’. संजय गांधी निराधार अनुदान योजनेने 1980 पासून हा शेवटचा शब्द खेडोपाडी नेला. परंतु निराधार ठरण्यासाठी आपली आधारहीनता कागदोपत्री सिद्ध करावी लागते; आणि ज्याला राहण्याचा ठिकाणाच नाही, त्याला रहिवासाचा दाखला मिळविणे सर्वांत अवघड. शब्द मवाळ झाला, तरी त्याच्या आड उभा असलेला संशय तसाच राहिला.

याचा अर्थ नामांतर नेहमीच पोकळ असते असा नव्हे. 1871 च्या कायद्याने अनेक फिरस्त्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो 1952 साली रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हा शब्द आला. वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी हे ज्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे, तो समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. ‘तांडा’ या शब्दात चालते घर आहे. ते घर ज्यांना दिसले नाही त्यांना केवळ भटकंती दिसली. ‘विमुक्त’ या शब्दाला वजन आले ते त्याच्यासोबत कायद्याचा एक जाच संपला म्हणून. उलट 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भिकाऱ्याची जी व्याख्या केली, तीत उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला आणि भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरणारा माणूसही बसविला. त्याने हात पसरलेला असण्याची गरज नव्हती. त्याचे दिसणे पुरेसे होते. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे स्थानबद्धतेची तरतूद होती. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या त्यातील बहुतेक दंडात्मक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. मधल्या काळात फाटके वस्त्र हाच पुरावा मानला गेला होता.

मराठीत मात्र एक आणखी शब्दकुल आहे : गोसावी, बैरागी, फकीर, संन्यासी. याच जिल्ह्यातील कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दत्तसंप्रदायात भिक्षा हे व्रत आहे. एकाच्या झोळीला आपण नमस्कार करतो, दुसऱ्याच्या झोळीला ‘पुढे हो’ म्हणतो. भेद कशाचा? संकल्पाचा. घर ज्याने सोडले त्याचे वैराग्य. ज्याला ते मिळालेच नाही त्याचे दारिद्र्य. संकल्पाचा गौरव व्हावा हे योग्यच आहे. पण गौरवास पात्र नसणे म्हणजे तिरस्कारास पात्र असणे नव्हे. या दोहोंमध्ये जी साधी माणूसपणाची जागा आहे, तिच्यासाठी आपल्याजवळ नाम नाही.

गाडगे महाराजांनी (1876–1956) ती जागा दाखविली. चिंध्यांचा अंगरखा आणि हाती मडक्याचे खापर, यामुळे लोकांनी त्यांना ‘चिंधेबुवा’, ‘गोधडेबुवा’ म्हटले. ते आधी गाव झाडत, मग भाकर घेत. त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या इतरांसाठी. त्यांची लक्तरे त्यांना संसाराच्या वर नेत नव्हती; नाइलाजाने लक्तरे नेसणाऱ्यांच्या शेजारी उभी करीत होती. 1983 मध्ये स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ आज त्यांचे नाव धारण करते, आणि वाशिमच्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर ‘गाडगे’ हा शब्द असतो. तथापि खापर घेऊन आलेल्या दुसऱ्या माणसाला महाविद्यालयाच्या फाटकाशी कोणता प्रश्न विचारला जाईल, हे सांगावयास नको. शब्दाला प्रतिष्ठा मिळाली. ती एकाच माणसापाशी थांबली.

म्हणून अन्यायाचे स्थान शब्दार्थात नव्हे, व्याकरणात शोधावयास हवे. ‘भिकारी’ हे नाम आपण तृतीय पुरुषातच वापरतो. कोणी कोणाला ‘अहो भिकारी’ अशी हाक मारीत नाही. दाराशी आलेला माणूस ‘भाकर वाढ, माय’ म्हणतो, म्हणजे द्वितीय पुरुषात नाते जोडतो; घरातून उत्तर येते ते ‘भिकारी आला आहे’ असे, घरातल्याच दुसऱ्या माणसाला उद्देशून. हाक त्याची, संवाद आपला आपसांत. जे नाम त्या माणसाच्या तोंडावर उच्चारता येत नाही, ते त्याच्याविषयी काही सांगण्यापेक्षा त्याला संवादातून वगळण्याचे काम करते. लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’ (1980) आणि लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ (1987) अशी शीर्षके स्वीकारली, तेव्हा इतरांनी लावलेले नाम प्रथम पुरुषात आले. शब्द तोच राहिला, बोलणारा बदलला.

येथे समीक्षेने स्वतःकडेही पाहावे. ‘बेघर’, ‘उपरा’, ‘भणंग’ हे शब्द आपण आधुनिक कवीच्या मनःस्थितीसाठी सढळ हाताने वापरतो. रूपकाला मज्जाव नसावा. परंतु ज्याची रात्र बसस्थानकाच्या बाकावर जाते, त्याची वंचना आपण आपल्या अस्वस्थतेच्या वर्णनासाठी उसनी घेतो आणि ती परत करीत नाही. ज्याचा शब्द घेतला, त्याच्याशी त्याच शब्दाने बोलता येईल का, एवढा प्रश्न लिहिताना स्वतःला विचारला, तरी काही विशेषणे आपोआप गळतील. उरतील ती कदाचित थोडी असतील. पण ती त्याच्यासमोर उच्चारता येतील.