तेल सुटेपर्यंत

बसा. पाठ सैल सोडा.

हिवाळा आहे. उमरग्यात दहा-अकराची वेळ. पुणे-हैदराबाद महामार्गावरून ट्रक जातायत. आवाज येऊ द्या. जाऊ द्या.

आठवडी बाजारातून आणलेला एक टमाटा उचला. तळहातावर ठेवा.

गार लागतो. दिसतो त्याहून जड लागतो. शंभर ग्रॅम टमाट्यात 95 ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी असतं. काळ्या रानातलं पाणी, एवढ्याशा पातळ सालीत.

एक श्वास घ्या. सोडा.

आता रंग बघा. देठापाशी किंचित हिरवट, खाली येईल तसा लाल. हा लाल लायकोपीनचा. पारा तिशीच्या वर राहिला की ते नीट तयार होत नाही, म्हणून कडक उन्हाळ्यातला टमाटा पिवळसरच राहतो. थंडीतला सावकाश पिकतो. पुरता लाल होतो.

घाई नको. बघत राहा.

देठ खुडा. बोटं नाकाशी न्या. उग्र, हिरवा वास. झाडाचा वास.

विळीवर चीर द्या. साल क्षणभर अडते, मग रस येतो. बियांभोवती बुळबुळीत गर असतो, सगळ्यात आंबट तोच. तो राहू द्या. मुतखड्याच्या धास्तीनं कितीतरी घरांत बिया काढून टाकतात. पण मुतखड्याला कारण ठरणारं ऑक्झॅलेट पालकाच्या मानानं टमाट्यात अगदी थोडं असतं. (ज्यांची किडनीच अधू आहे, त्यांनी मात्र पोटॅशियमपायी डॉक्टरांना विचारून खावं.)

एका फोडीवर मीठ टाका. थांबा.

मिठाखाली ओल येते. कड चमकते. मग एक थेंब जमतो, ताटलीत उतरतो.

फोड जिभेवर ठेवा. लगेच चावू नका. आधी खारट, मग आंबट, मग मागून थोडं गोड.

या आंबटात क जीवनसत्त्व आहे, शंभर ग्रॅममागे 14 मिलिग्रॅमच्या आसपास. शिजताना त्यातलं काही जातं. म्हणून ही फोड कच्ची.

भाकरीचा तुकडा मोडा. सोबत घ्या. चावा, सावकाश.

ज्वारीत लोह आहे, पण धान्यातलं लोह शरीर सहजी घेत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं की जास्त घेतं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. घरात सगळ्यांच्या मागून जेवायला बसणारीच्या ताटात ही फोड उरते का? उत्तर द्यायची गरज नाही. प्रश्न मनात राहू द्या.

श्वास घ्या.

आता कढई. करडईचं तेल, मोहरी, ठेचलेला लसूण. उरलेला टमाटा बारीक चिरून टाका.

ऐका. आधी चर्रर्र. मग आवाज मऊ होतो. मग नुसती खदखद.

तिखट, हळद काहीच घालू नका अजून. उभे राहा. बघा.

फोडी आकार सोडतात. साल सुटून गुंडाळते. पाणी आटतं. कडेनं तेल सुटू लागतं.

त्या तेलाकडे बघा. ओतलं तेव्हा फिकट पिवळं होतं. आता तांबूस आहे.

तिखट तर घातलेलंच नाही. हा टमाट्याचा लाल. लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आचेनं गराच्या पेशी सैल झाल्या, तेव्हा ते बाहेर आलं. तेलाच्या सोबतीनं ते आतड्यातून रक्तात जातं. कच्च्या फोडीतून तितकं जात नाही.

टमाट्यानं अमका रोग बरा होतो, तमका टळतो, असं बरंच काही सांगतात. आज ते उंबऱ्याबाहेर असू द्या. कढईच्या कडेला दिसतंय, ते पुरे.

अजून एक श्वास. वास आत घ्या.

आता तिखट, मीठ, मूठभर दाण्याचा कूट. एकदा हलवा. गॅस बंद करा.

जेवा. एक घास शिजल्या चटणीचा. एक कच्च्या फोडीचा. घासाघासाच्या मध्ये हात ताटावर ठेवा.

आत लक्ष द्या. घास छातीमागून खाली उतरतो. कुठं जळजळतंय का? जळजळत असेल, पित्ताचा त्रास असेल, तर आजच्यापुरतं इथंच थांबा. नुसती भाकरी खा, वर ताक घ्या.

नसेल जळजळत, तर आणखी एक घास.

जेवण झालं की चहा हवासा वाटेल. वाटू द्या. चहा लागलीच घेतला तर जेवणातलं लोह शरीरात कमी जातं. आधण तासाभरानं ठेवा.