पुस्तक कशाला म्हणायचं

वडूजला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा इंग्रजीच्या सरांनी मला एका कादंबरीची झेरॉक्स वाचायला दिली. नाव ‘फॅरनहाइट ४५१’. रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची, १९५३ सालची. नावावरून मला ते सायन्सचं पुस्तक वाटलं. सर म्हणाले, “कागद पेट घेतो ते तापमान आहे ते. वाच आणि मग बोल.” गावाकडची एसटी कधीच वेळेवर यायची नाही, त्यामुळं स्टँडच्या बाकड्यावर डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ती महिनाभर वाचत होतो.

त्या कादंबरीतल्या देशात आगीचा बंब आग विझवायला नाही, लावायला जातो. कुणाच्या घरात पुस्तकं आहेत अशी खबर लागली की बंबवाले येतात आणि घरासकट पुस्तकं जाळतात. माँटॅग हा त्यांतलाच एक. एकदा एक म्हातारी घराबाहेर यायला नकार देते, स्वतःच काडी ओढते आणि पुस्तकांबरोबर जळून जाते. तिथून माँटॅगला झोप लागत नाही. एवढं काय असतं त्या कागदांत, की माणूस त्यांच्यापायी जीव देतं? शेवटी तो शहर सोडून पळतो. बाहेर रानात त्याला काही माणसं भेटतात. त्यांच्यातल्या एकेकानं एकेक पुस्तक पाठ करून ठेवलेलं असतं. जाळायला काही सापडूच नये म्हणून ती माणसंच पुस्तकं झालेली असतात.

वर्गातल्या पोरांना हा शेवट लई भारी वाटला. मला त्यात नवल वाटेना. आमच्या गावात असली माणसं पारावर बसलेली असायची. अंगठा उठवणारा म्हातारा एकादशीच्या भजनात रात्रभर अभंग म्हणायचा आणि वही बघून म्हणणारा चुकला की त्याला अडवायचा. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, ही गोष्ट आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. भाविक सांगतात, तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या. दुसरे म्हणतात, लोकांच्या तोंडी होतं ते पाण्यात बुडणार कसं? काही असो. १८६९ साली सरकारच्या मदतीनं मुंबईत गाथा छापायला सुरुवात झाली. त्याआधीची दोनशे वर्षं ती हातानं उतरवलेल्या वह्यांवर आणि माणसांच्या तोंडावरच चालली होती.

सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “बरोबर. पण वेदही तोंडपाठच होते की रे. ते कुणाकुणाला ऐकायला मिळत होते?”

हा मुद्दा माझ्या डोक्यात घुसला तो कायमचा. पाठ करून पुस्तक वाचवता येतं, तसं कुलूपबंदही करता येतं. कपाट कुणीतरी फोडू शकतं, डोकं कसं फोडणार? आमच्याच खटाव तालुक्यात पुसेगावजवळ कटगुण आहे. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं तिथलं. जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा या मुलखात कुणी पुस्तकांची होळी करत नव्हतं. गरजच नव्हती. ज्याला अक्षर शिकू दिलं नाही त्याच्यापुरती जगातली सगळी पुस्तकं आधीच जळलेली असतात, आणि त्याला काडीही लागत नाही, राखही पडत नाही. ब्रॅडबरीला हे सुचलं नाही, कारण त्याच्या गोष्टीतले लोक आधी वाचणारे होते.

कादंबरी वाचत होतो तेच दिवस. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. जेम्स लेन या अमेरिकन प्राध्यापकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या मजकुरावरून लोक खवळले होते. प्रकाशकानं ते पुस्तक आधीच्या नोव्हेंबरातच मागं घेतलं होतं. लेनला मदत केल्याचा राग संस्थेवर निघाला आणि तिथली पुस्तकं, हस्तलिखितं यांची नासधूस झाली. सरकारनं त्याच महिन्यात पुस्तकावर बंदी घातली. ती उच्च न्यायालयानं २००७ साली उठवली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला.

आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले. माझा एक जवळचा मित्र तावातावानं म्हणाला, “आपल्या राजाबद्दल कुणी कायबी लिहायचं आन् आपण गप बसायचं व्हय?” त्याचा राग खोटा नव्हता. ज्याच्या घरात देवाच्या शेजारी महाराजांचा फोटो आहे, त्याला हा राग कुठून येतो हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. मी एवढंच विचारलं, “तू वाचलंयस का?” तो म्हणाला, “वाचायला कशाला पाहिजे?” माँटॅगही तसाच. कित्येक वर्षं जाळतो, एक पान वाचत नाही. आणि भांडारकरमध्ये ज्या जुन्या पोथ्या भुईवर आल्या, त्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं?

मला वाटलं, मला मोजमाप सापडलं. न वाचता जाळणं वाईट. वाचून जाळणं निराळं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण. तिथं न वाचता काहीच झालं नव्हतं. बाबासाहेबांनी ओळ न् ओळ तपासली होती.

पण हे मोजमाप कादंबरीतच मोडतं. माँटॅगचा साहेब, कॅप्टन बीटी, त्यानं सगळं वाचलेलं असतं. बोलता बोलता तो पुस्तकांतली वाक्यं तोंडावर फेकतो, आणि तरी जाळतो. वाचलेला माणूस न वाचलेल्यापेक्षा जास्त भयंकर जाळतो, असंच ते पात्र सांगतं. मग बीटी आणि बाबासाहेब यांच्यात फरक कुठं?

बरेच दिवस घोळवून मला दिसलं ते असं. महाडला मनुस्मृती जळली, त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती दुकानात विकत मिळत होती. ज्याला वाचायची त्याला वाचता येत होती. बाबासाहेब स्वतः पुढं आयुष्यभर तिच्यातले श्लोक पुराव्याला काढून वाद घालत राहिले. दादरला त्यांनी घर बांधलं ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. त्या आगीनं कुणाच्या हातातून पुस्तक गेलं नाही, त्या पुस्तकाचा धाक तेवढा गेला. बीटी जाळतो तो तुम्ही वाचू नये म्हणून. म्हणजे आग महत्त्वाची नाही. आगीनंतर दुसऱ्याला काय उरतं ते महत्त्वाचं.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठून खतं आणि वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. ते लोण गावोगाव गेलं आणि सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्या खताची दुसरी प्रत नव्हती, ते गेलं ते गेलंच. माझ्या मोजमापानं ते शेतकरी दोषी ठरायला हवेत. मी त्यांना दोषी धरत नाही. खत हे वाचण्यासाठी लिहिलेलं नसतंच. ज्याच्या गळ्यात ते बांधलंय त्याला वाचता येऊ नये, यावरच त्याचा जोर असतो. तो कागद म्हणजे दावं. जनावरानं दावं तोडलं तर त्याला कोण चोर म्हणतं?

आता घरातली गोष्ट. माझी थोरली आत्या लवकर विधवा होऊन माहेरी आली होती. गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा पन्नाशी ओलांडल्यावर ती अक्षरं शिकली. मग तिनं एका दोनशे पानी वहीत जात्यावरच्या ओव्या लिहायला सुरुवात केली. बोटाएवढी अक्षरं, काना एकीकडं, मात्रा दुसरीकडं. भावाच्या, पंढरीच्या, सासुरवासाच्या आणि दुष्काळात खडी फोडायला गेली होती तिथल्याही. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, तेव्हा ओव्यांवर कुणी बंदी घातली नव्हती. म्हणायची वेळच राहिली नाही. बीटी नेमकं हेच सांगतो, की पुस्तकं आधी कायद्यानं गेली नाहीत, लोकांनीच ती सोडली, आम्ही नंतर आलो.

आत्या वारली तेव्हा मी पुण्यात नोकरीच्या परीक्षेला होतो. दहाव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळ्यांच्या आंघोळीला पाणी तापवायचं. तिचं अंथरूण ओढ्याला गेलं, लुगडी वाटली, आणि वही गेली पाण्याच्या बंबात. कुणी रागानं घातली नाही. पेटवण हवं होतं, हाताशी कागद होता.

मी विचारलं तर आई म्हणाली, “त्यात काय व्हतं? तिच्या हातचं खरडल्यालं. पुस्तक का व्हतं ते?”

त्याच बंबापासून पाच हातांवर, फळीवर, लाल फडक्यात बांधलेला पांडवप्रताप होता. त्याला कुणाचा चुकून पाय लागला तर घरात प्रायश्चित्त. शेजारी बहिणीची शाळेची पुस्तकं, तीही कुणी हलवली नाहीत. कादंबरीतल्या बंबवाल्यांकडं जाळायच्या पुस्तकांची यादी असते. आमच्या घरात राखायच्या पुस्तकांची यादी होती, न लिहिलेली, सगळ्यांना पाठ. त्या यादीत बाईच्या हातची वही नव्हती.

आईचं म्हणणं असं, की तिनं ते स्वतःपुरतं लिहिलं होतं, तिच्याबरोबर गेलं. यात तथ्य नाही असं नाही. पण मला ते पटत नाही. स्वतःपुरतं लिहायचं असतं तर तिला लिहायची गरज काय होती? तिला तर सगळ्या पाठ होत्या. पन्नाशीनंतर बोटं दुखेपर्यंत अक्षरं गिरवली ती कुणीतरी वाचावं म्हणूनच. त्या वहीला खत म्हणता येत नाही, मनुस्मृती म्हणता येत नाही. तिची दुसरी प्रत नव्हती आणि ती कुणाच्या गळ्यात बांधलेली नव्हती. माझ्या मोजमापात या दोन्ही बाजूंनी ती आग चुकीचीच ठरते, आणि घरात हे एकालाही पटलेलं नाही.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, हे मला फार उशिरा कळलं. खेड्यापाड्यातल्या बायकांच्या नावानिशी नोंदलेल्या. ते वाचल्यावर मी आईला धरून बसलो. तिला आठवतील तेवढ्या सांग म्हटलं. पहिल्यांदा लाजली, मग हात जात्यावर फिरवल्यासारखा फिरवत म्हणू लागली. चार संध्याकाळी मिळून सदतीस झाल्या.

“यातल्या आत्याच्या कुठल्या?” मी विचारलं.

“आता ते काय सांगू? ही तिची आसंल. ही माझ्या आईची. आन् ही... ही जात्यावर सगळ्याच म्हणायच्या.” थोडं थांबून तिनं विचारलं, “वर नाव कुणाचं घालणार हायेस?”

वहीच्या पहिल्या पानावर मी अजून काही लिहिलेलं नाही.